भयपटातल्या माणसांची मुलाखत कशी घ्यावी: पहिल्या फोनपासून फोटो परत करेपर्यंत

जुन्या हिंदी-मराठी भयपटांत काम केलेल्या माणसांना शोधून त्यांच्याशी बोलणारी मुलं मुंबईत आता बरीच दिसतात. त्यांतली काही मला रेकॉर्डिंग ऐकायला पाठवतात आणि मी ती शेवटपर्यंत ऐकतो. जवळपास प्रत्येक रेकॉर्डिंगमध्ये पहिल्या पाच मिनिटांत हा प्रश्न येतोच: "शूटिंगच्या वेळी तुम्हाला खरंच कधी भुताचा अनुभव आला का?" समोरचा माणूस मग त्याचा ठरलेला किस्सा सांगतो. डोंगरावरचा बंगला, गेलेली लाइट, जिन्यावरची पावलं. हा किस्सा त्याने शंभरदा सांगितलेला असतो, त्यामुळे तो न अडखळता येतो. तिथून पुढे गप्पा त्याच चाकोरीतून चालतात आणि तीस-चाळीस वर्षांचं काम तसंच राहून जातं.

ही माणसं आता थकली आहेत. हिंदी भयपट बनवणाऱ्या रामसे बंधूंपैकी तुलसी २०१८ मध्ये गेले, श्याम २०१९ मध्ये, कुमार २०२१ मध्ये आणि गंगू २०२४ मध्ये. बाकीच्यांकडे आपण तयारीनिशी जायला हवं. खालचा क्रम मी बऱ्याच चुकांनंतर बसवला आहे. टप्पे मागेपुढे करू नका, कारण प्रत्येक टप्प्याचं काम आधीच्या टप्प्यावर उभं आहे.

## १. एक माणूस, एक सिनेमा, एक काम

"तुमच्या करिअरबद्दल बोलायचंय" एवढंच सांगून कुणाच्या घरी गेलात तर हाती काही लागणार नाही. त्या माणसाचा एक सिनेमा निवडा आणि त्यातलं त्याचं नेमकं काम काय होतं, ते शोधा.

"रामसेंचा सिनेमा" असं आपण सहज म्हणतो, पण त्या घरात कामं वाटलेली होती. कुमार लेखन करत, गंगू कॅमेऱ्यावर, किरण ध्वनीवर, अर्जुन संकलनात, तर तुलसी आणि श्याम दिग्दर्शनात. मराठीत 'झपाटलेला' (१९९३) घ्या. दिग्दर्शन महेश कोठारेंचं, तात्या विंचू साकारला दिलीप प्रभावळकरांनी आणि बाहुल्याचं काम रामदास पाध्यांचं. "तात्या विंचू कसा घडला" हा प्रश्न या तिघांना विचारलात तर तीन वेगळी उत्तरं मिळतील आणि तिन्ही खरी असतील. कुणाला काय विचारायचं, हे आधी पक्कं करा.

नट-नट्यांच्या पलीकडेही पाहा. मेकअप दादा, लाइटमन, ड्रेस दादा, सेटिंगवाले, फाइट मास्टर, डबिंग करणारे यांना सहसा कुणी विचारलेलंच नसतं. सेटवरच्या या कामांत मराठी माणसं भरपूर असायची. माझ्याकडची सर्वांत चांगली रेकॉर्डिंग याच लोकांची आहेत.

तपासा: पडद्यावरचं नाव आणि खरं नाव एकच आहे का? 'पुराना मंदिर'मधला (१९८४) सैतान सामरी साकारणारे अनिरुद्ध अग्रवाल श्रेयनामावलीत अजय अग्रवाल या नावाने येतात. नावाचा हा घोळ फोन करण्यापूर्वी सुटला पाहिजे.

## २. सिनेमा दोनदा पाहा, दुसऱ्यांदा वही घेऊन

सर्वांत जास्त वेळ या टप्प्याला द्या. दोन तासांच्या मुलाखतीसाठी मी किमान तीन संध्याकाळी तयारी करतो.

पहिल्यांदा सिनेमा सलग पाहा, मध्ये थांबवू नका. दुसऱ्यांदा वहीत तीन रकाने आखा: वेळ, काय दिसतं, कुणाला विचारायचं. माझ्या वहीतली एक नोंद अशी आहे: "४१ मि. २० से. विहिरीतून हात वर येतो. हात कुणाचा? विहीर खरी की सेटची? रात्र खरी की दिवसा केलेली?" अशा वीसएक नोंदी झाल्या की मुलाखतीचा सांगाडा उभा राहतो.

दिवसा केलेली रात्र ओळखायला सोपी असते. चित्र निळसर असतं, पण जमिनीवर माणसांच्या सावल्या उन्हातल्यासारख्या ठळक पडलेल्या असतात आणि आभाळ चौकटीबाहेर ठेवलेलं असतं. रात्रीच्या शूटिंगला दिवे आणि जनरेटर लागतात, खर्च वाढतो, म्हणून ही युक्ती. कॅमेरामनला हे विचारलंत की तुम्ही सिनेमा नीट पाहिलाय हे त्याला लगेच कळतं.

सुरुवातीला येणारं सेन्सॉरचं प्रमाणपत्र थांबवून पूर्ण वाचा. युट्यूबवरच्या प्रतींत ते बऱ्याचदा कापलेलं असतं, म्हणून जुनी व्हीसीडी किंवा डीव्हीडी मिळते का पाहा. प्रमाणपत्रावर तारीख, रिळांची संख्या आणि लांबी मीटरमध्ये दिलेली असते. पस्तीस मिलिमीटरची फिल्म मिनिटाला साधारण २७.४ मीटर पळते. म्हणजे लांबी ३,७०० मीटर असेल तर सिनेमा सुमारे १३५ मिनिटांचा. तुमची प्रत ११० मिनिटांची असेल तर बराच भाग गायब आहे, आणि समोरचा माणूस तुम्ही न पाहिलेल्या प्रसंगाबद्दल बोलू शकतो. मात्र १३० मिनिटांची प्रत दिसली म्हणून लगेच कापाकापीचा निष्कर्ष काढू नका. टीव्हीच्या पीएएल पद्धतीत सेकंदाला २४ ऐवजी २५ चौकटी जातात, त्यामुळे एकही तुकडा न कापता सिनेमा चार टक्क्यांनी लहान होतो.

प्रमाणपत्रावर त्रिकोणाची खूण असेल तर सेन्सॉरने काही भाग काढायला लावलेला आहे. काय काढलं, हा दिग्दर्शकाला आणि संकलकाला विचारायचा हक्काचा प्रश्न. आणखी एक खूणगाठ: 'यूए' हा वर्ग १९८३ पासून आला. त्याआधीच्या सिनेमाला 'यूए' होतं असं कुणी सांगितलं, तर वर्ष तरी चुकतंय किंवा प्रमाणपत्र तरी नंतरचं आहे.

शेवटी आवाज. त्या काळी कॅमेऱ्यांचा खडखडाट एवढा असायचा की संवाद नंतर स्टुडिओत डब करत. पडद्यावरच्या सैतानाचं शरीर एकाचं, गुरगुरणं दुसऱ्याचं आणि पावलांचा आवाज तिसऱ्याचा असू शकतो. "तुमचा तो आवाज काय जबरदस्त होता!" असं म्हणून सुरुवात केलीत आणि तो आवाज दुसऱ्याचाच निघाला, तर समोरच्याचा चेहरा पडतो. माझ्या हातून एकदा हे झालंय. तो माणूस शांतपणे "तो माझा नाही" म्हणाला आणि पुढचा तासभर एकेका ओळीत उत्तरं देत राहिला.

थांबा: नुसत्या क्लिपा पाहून गेलात तर तो माणूसही क्लिपांएवढंच बोलेल.

सोबत न्यायला एखादी वस्तू शोधा. मटण स्ट्रीटवर, म्हणजे चोर बाजारात, जुनी लॉबी कार्ड (थिएटरात लावायची सिनेमाची छापील चित्रं) आणि पोस्टरं अजून मिळतात. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात स्थिरचित्रं आणि गाण्यांच्या पुस्तिका पाहायला मिळतात. मूळ वस्तू मिळाली नाही तर सिनेमातली चौकट मोठ्या कागदावर छापून घ्या. मोबाइलवर दाखवू नका. सत्तरी ओलांडलेल्या माणसाला त्या काचेवर फारसं दिसत नाही, आणि कागद हातात धरता येतो.

## ३. फोन

नंबर ओळखीतूनच मिळवा. ओळख नसेल तर त्या कामाच्या संघटनेत जाऊन निरोप पोचवायची विनंती करा. नंबर मागू नका, स्वतःचा नंबर ठेवून या.

फोनवर चार गोष्टी सांगा: तुम्ही कोण, कोणत्या सिनेमाबद्दल आणि कोणत्या कामाबद्दल बोलायचंय, किती वेळ लागेल, आणि हे पुढे कुठे येणार. पैशांचंही तेव्हाच स्पष्ट करा. मानधन देणार असाल तर आकडा सांगा, देणार नसाल तर तेही सांगा. घरी पोचल्यावर हा विषय निघाला तर दोघांनाही अवघडल्यासारखं होतं.

"बी ग्रेड", "सी ग्रेड" हे शब्द तोंडातून काढू नका. "कल्ट" हा शब्दही जपून वापरा. तुम्ही तो कौतुकाने म्हणता, पण आपल्या कामावर हसणाऱ्या लोकांकडून त्याने तोच शब्द ऐकलेला असू शकतो. सिनेमाचं नाव घ्या, तेवढं पुरतं.

हाक कशी मारायची, हेही विचारून घ्या: "सेटवर तुम्हाला काय म्हणायचे?" मेकअपवाल्याला दादा म्हणत असतील तर दादाच म्हणा. ज्येष्ठ अभिनेत्रीला न विचारता "आजी" म्हणू नका. मॅडम किंवा ताई, त्यांना जे आवडेल ते.

## ४. जागा आणि आवाज

त्यांचं घर हीच उत्तम जागा, कारण फोटो, कात्रणं आणि बिलं तिथेच असतात. कॅफेत कधीही बोलावू नका. पण मुंबईतलं घर म्हणजे आवाजांचं कोठार. पंखा, फ्रिज, कुकर, खिडकीतली कबुतरं, लिफ्टची घंटा, पावसाळ्यात पत्र्यावर कोसळणारी सर. पाणी यायची वेळ आधी विचारा, त्या अर्ध्या तासात घरात कुणी स्थिर बसत नाही.

कॉलर माइक लावा. रेकॉर्डर ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, वेव्ह फाइलवर ठेवा. स्टिरिओत तासाला साधारण १ जीबी लागतं, म्हणून कार्ड रिकामं करून न्या. दुसरं रेकॉर्डिंग मोबाइलवर चालू ठेवा, विमान मोडमध्ये. बोलणं सुरू होण्यापूर्वी अर्धा मिनिट खोलीतली नुसती शांतता रेकॉर्ड करा, संकलनात जोड झाकायला तीच लागते.

तपासा: दहा सेकंद रेकॉर्ड करून हेडफोनवर ऐका. काट्यावर आवाज दिसतोय म्हणजे नीट येतोय असं नाही. पंख्याची घरघर हेडफोनवरच कळते.

## ५. संमती

एक पान, मोठ्या अक्षरात, त्यांना वाचता येईल त्या भाषेत. रेकॉर्डिंग कशासाठी, कुठे वापरणार, फोटोंच्या प्रती काढू का, आणि एखादा भाग वगळायचा अधिकार त्यांना आहे. मोठ्याने वाचून दाखवा आणि सही घ्या, तीही बोलणं सुरू होण्यापूर्वी. दोन तास मन मोकळं केल्यावर कागद पुढे केला तर माणसाला फसल्यासारखं वाटतं.

## ६. प्रश्नांचा क्रम

माझा क्रम असा: बोलावणं, काम, शरीर, पैसा, प्रदर्शन, नंतरचे दिवस. भुताचा प्रश्न सगळ्यात शेवटी, तोही त्यांनीच विषय काढला तर.

बोलावणं. "या सिनेमाचा निरोप तुम्हाला कुणी दिला? तेव्हा कुठे राहत होता?" या दोन प्रश्नांतून घर, शेजार, उमेदवारीचे दिवस आपसूक येतात. "इंडस्ट्रीत कसे आलात?" हा प्रश्न टाळा, त्याचं पाठ केलेलं उत्तर तयार असतं.

काम. आता ती छापलेली चौकट पुढे ठेवा आणि गप्प बसा. एका निवृत्त मेकअप दादांसमोर मी लॉबी कार्ड ठेवलं होतं. राक्षसाचा चेहरा, अर्धा अंधारात. ते कार्ड घेऊन ते खिडकीपाशी गेले, चश्मा कपाळावर सारला आणि अंगठ्याच्या नखाने राक्षसाच्या जबड्याखालून एक रेघ ओढली. "इथे जोड आहे. दिसतो का?" मला दिसला नाही. लॅटेक्सची, म्हणजे मुखवट्याच्या रबराची कड स्पिरिट गमने (मेकअपच्या डिंकाने) चिकटवायची, वर कापसाचा पातळ पदर बसवायचा आणि मग रंग, असं ते सांगत गेले. कड सुटायची ती नेहमी याच ठिकाणी, कारण नट डबा खाताना जबडा हलवायचा. म्हणून राक्षसाला जेवणाच्या सुट्टीत ते स्वतः वरणभात कालवून चमच्याने भरवायचे. माझ्या यादीतल्या कुठल्याही प्रश्नाने हे उत्तर आलं नसतं.

म्हणून वस्तू समोर ठेवल्यावर किमान वीस सेकंद काही बोलू नका. मनातल्या मनात मोजा. नवखा माणूस पाचव्या सेकंदालाच घाबरून पुढचा प्रश्न टाकतो आणि वर येत असलेली आठवण परत तळाशी जाते.

शरीर. मुखवटा किती तास चढवलेला असायचा? पाणी कसं प्यायचात? डोळ्यांतल्या भिंगांचा त्रास झाला का? धुरात खोकला यायचा का? पडण्याच्या दृश्याखाली गादी होती की खोकी? दुखापत झाली तर दवाखान्यात कोण घेऊन जायचं? भयपटाचं काम अंगमेहनतीचं असतं आणि ते कुणी विचारत नाही, म्हणून या प्रश्नांवर माणसं खुलतात.

पैसा. सरळ विचारा, पण आकड्यापासून सुरुवात करू नका. "शिफ्ट किती तासांची? पैसे रोजच्या रोज की सिनेमा पूर्ण झाल्यावर? घरी जायला गाडीभाडं मिळायचं का?" आकडा सांगायचा असेल तर ते सांगतील.

प्रदर्शन. सिनेमा लागला तेव्हा तो कुठे पाहिला, कुणासोबत पाहिला? घरचे आले होते का? नंतर लोक त्याला डोक्यावर घेऊ लागले, तो प्रश्न वेगळा विचारा. 'तुंबाड' २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये आला आणि २०२४ च्या सप्टेंबरमध्ये पुन्हा लागला, तेव्हा त्याने पहिल्या वेळेपेक्षा जास्त गल्ला जमवला. त्यात काम केलेल्या माणसाला हे दोन शुक्रवार दोन वेगळ्या सिनेमांसारखे वाटले असतील. एकाच प्रश्नात दोन्ही कोंबलंत तर यशाचीच गोष्ट ऐकायला मिळते आणि मधली वर्षं निसटतात.

नंतरचे दिवस. काम कधी कमी झालं, मग घर कसं चाललं? बऱ्याच जणांना १९९३ पासून टीव्हीवरच्या भयमालिकांनी हात दिला. काहींनी रिक्षा घेतली, काही गावी गेले. इथे आवाज खाली येतो. तुम्हीही सावकाश व्हा.

तारखा आठवत नसतील तर वर्ष विचारून दमवू नका. मुंबईच्या आठवणी मुंबईच्याच खुंटीला टांगलेल्या असतात. "गिरणी संपाच्या आधी की नंतर?" म्हटलं की १९८२ ची रेघ पक्की होते. "इंदिरा गांधी गेल्या तेव्हा शूटिंग चालू होतं का?" म्हणजे १९८४ चा ऑक्टोबर. बॉम्बस्फोट म्हणजे १९९३ चा मार्च, २६ जुलैचा पाऊस म्हणजे २००५. या चार खुंट्यांवर मी कित्येक कारकिर्दी वर्षवार लावल्या आहेत.

थांबा: दीड तास झाला की माइक बंद करा, चहा घ्या. दमलेला माणूस "हो, हो" म्हणायला लागतो आणि तुमचीच वाक्यं त्याच्या तोंडी जातात.

## ७. नाजूक जागा

ऐंशी-नव्वदच्या दशकांतल्या काही सिनेमांत कलावंताला न सांगता नंतर अश्लील तुकडे जोडले जायचे. धंद्यात त्यांना बिट म्हणतात. त्यासाठी दुसऱ्याच कुणाचं शरीर वापरलेलं असे, आणि नाव मात्र त्या अभिनेत्रीचं खराब व्हायचं. काहींना हे कळलं ते नातेवाइकांच्या टोमण्यांतून.

हा विषय तुम्ही काढू नका. त्यांनी काढला तर विचारा, "हे रेकॉर्डवर राहू दे का?" आणि उत्तर येईपर्यंत थांबा. मुलगा, सून किंवा नवरा खोलीत असेल तर दुसऱ्या दिवशी फोन करून पुन्हा विचारा. घरच्यांसमोर दिलेला होकार खरा असेलच असं नाही.

कुणी पैसे बुडवले, कुणी त्रास दिला, अशी नावं येतील. रेकॉर्डिंगमध्ये ती जपून ठेवा. छापताना दुसरा पुरावा नसेल तर नाव गाळा आणि घटना ठेवा.

## ८. घरी आल्यावर, त्याच रात्री

झोपण्यापूर्वी फाइलच्या तीन प्रती करा, त्यांतली एक घराबाहेर किंवा क्लाउडवर. फाइलच्या नावात तारीख, माणूस आणि सिनेमा लिहा. मग वहीत रेकॉर्डरला न दिसलेलं उतरवा: भिंतीवर काय होतं, कोणत्या प्रश्नाला हात थांबले, कोणता फोटो दोनदा बाहेर काढला.

रेकॉर्डिंग कागदावर उतरवताना भाषा धुऊन काढू नका. ही माणसं एका वाक्यात मराठी, हिंदी आणि सेटचे शब्द मिसळतात. "पॅकअपला उशीर झाला तर आमचा दादा जाम भडकायचा" याचं "चित्रीकरण लांबल्यास ते संतप्त होत" केलंत की माणूस गेलाच.

मग पडताळणी. त्यांनी सांगितलेली वर्षं प्रमाणपत्राच्या तारखेशी लावून पाहा. प्रमाणपत्राची तारीख आणि सिनेमा लागल्याची तारीख वेगळी असते, मध्ये काही महिने, कधी वर्षंही जातात. जुळलं नाही तर त्यांचं वाक्य बदलू नका. त्यांना फोन करून विचारा, त्यातून बऱ्याचदा नवी गोष्ट निघते.

## ९. छापण्यापूर्वी आणि नंतर

त्यांचा भाग फोनवर किंवा घरी जाऊन वाचून दाखवा. दुरुस्ती तथ्याची असेल तर करा. "हे नको, वाईट दिसेल" असं म्हणाले तर कारण विचारा. खाजगी असेल तर काढा, फक्त संकोच असेल तर त्या वाक्याला महत्त्व का आहे ते समजावून सांगा आणि निर्णय त्यांच्यावर सोडा.

मथळ्यात "भूत", "थरार", "धक्कादायक" टाकून माणसाला पुन्हा मुखवट्यात कोंबू नका. त्याचं काम लिहा: "राक्षसाचा जबडा बसवणारा माणूस". वाचक येतात, मी पाहिलंय.

पूर्ण रेकॉर्डिंगची एक प्रत पेन ड्राइव्हवर घालून घरच्यांना द्या. फोटो नेले असतील तर कबूल केलेल्या दिवशी स्वतः जाऊन परत करा, कुरिअर करू नका. नेताना वहीत क्रमाने नोंद केलेली असेल, त्याच क्रमाने, त्याच पाकिटात, त्यांच्यासमोर मोजून ठेवा. फोटोच्या मागे पेन्सिलीने काही लिहिलेलं असेल तर त्याचीही प्रत काढलीय ना, ते पाकीट हातात देण्यापूर्वी एकदा पाहा.